बाळाची जीभ बघण्याआधी त्याचं पिणं बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह असतो, तेव्हा आईच्या दुधाचं महत्त्व सगळीकडे छापून येतं आणि ते खरंच आहे, पण पाजताना बाळंतीण दात ओठ खाऊन बसलेली असते त्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. विषय टंग टायचा, म्हणजे जिभेखालचा पडदा आखूड किंवा घट्ट असणं. आमच्या घरात हे दोनदा झालं आणि दोन्ही वेळा अगदी उलटं झालं.

माझा मुलगा आता चार वर्षांचा आहे. तो झाला तेव्हा एकेक वेळचं पाजणं तासभर चालायचं, मधेच चटचट आवाज यायचा, आणि त्याने सोडल्यावर निपल लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चेपलेलं असायचं, चिरा पडल्या होत्या, रक्त यायचं. सासूबाई म्हणाल्या तुला दूधच नाही, वरचं चालू कर. डॉक्टर म्हणाले पहिलटकरीण आहेस, होईल सवय. बाराव्या दिवशी वजन केलं तर जन्माच्या वजनापेक्षा २०० ग्रॅम कमीच. नवजात बाळाचं वजन आधी थोडं उतरतं पण साधारण दोन आठवड्यांत भरून यायला पाहिजे ना, याचं तर वाढायचं नावच नाही. शेवटी लसीकरणाला गेलो तिथल्या एका वयस्कर सिस्टरनी मला तिथेच पाजायला बसवलं, नीट बघितलं, मग हात धुऊन करंगळी त्याच्या तोंडात दिली. रडताना त्याच्या जिभेच्या कडा वर यायच्या आणि मधला भाग खालीच, टोकाला बदामासारखी खाच. इतके दिवस कोणीच बघितलं नव्हतं!

लहान मुलांच्या सर्जननी आधी विचारलं जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलंय का, घरात कोणाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे का. मग बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळलं, बोथट टोकाच्या कात्रीने एक कट, काही सेकंदांचं काम, दोन चार थेंब रक्त, आणि लगेच माझ्या अंगाला लावलं. दुखणं त्याच दिवशी कमी झालं. वजनाला मात्र वेळ लागला, तोवर दूध काढून वाटी चमच्याने पाजत होते. जादू वगैरे काही नसते हे आवर्जून सांगते.

आता दुसरी गोष्ट. यंदा धाकट्या बहिणीला मुलगी झाली. पाचव्या दिवशी दुखतंय म्हणून दाखवायला गेली तर दोन मिनिटं टॉर्च मारून सांगितलं टंग टाय आहे, लिप टाय (वरच्या ओठाखालचा पडदा घट्ट) पण आहे, लेझर करून घ्या, पंचवीस हजार, नाहीतर पुढे बोबडी बोलेल. ती पाजते कशी हे कोणी बघितलंच नाही! रात्री रडत फोन केला तिने. मी सकाळची पहिली गाडी पकडली आणि तिला स्तनपान समुपदेशकाकडे घेऊन गेले, त्या बाई पाऊण तास शेजारी बसल्या. बाळाची मान वळलेली होती आणि ते नुसतं टोक चोखत होतं. पोटाला पोट लावून, हनुवटी आधी टेकवून, तोंड आऽ मोठं उघडेपर्यंत थांबून मग काळ्या भागासकट तोंडात द्यायला शिकवलं. आठवड्याभरात दुखायचं थांबलं. पडदा अजून आहे तिथेच, पोरगी गुटगुटीत आहे.

पडदा तर प्रत्येकाच्या जिभेखाली असतो हो, प्रश्न जीभ हलते का आणि दूध पोटात जातं का हा आहे. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासून निष्कर्ष काढते, तिच्या २०१७ च्या आढाव्यात ५ अभ्यास आणि ३०२ बाळं होती, त्यात कट दिल्यावर आईचं दुखणं थोड्या दिवसांसाठी कमी झालेलं दिसलं, पण बाळाचं पिणं सुधारतंच असं ठाम दिसलं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ मध्ये सांगितलंय की गरज नसताना बऱ्याच बाळांची ही प्रोसिजर होते, लेझर कात्रीपेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही, आणि वरच्या ओठाच्या पडद्याचा पाजण्याशी संबंध नाही. बोबडं बोलण्याच्या भीतीने तान्ह्या बाळाला कट द्यायलाही आधार नाही.

म्हणून नव्या आयांना माझं कळकळीचं सांगणं आहे, डिस्चार्जच्या आधी कोणाला तरी एक पूर्ण फीड शेजारी बसून बघायला लावा. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी लंगोट ओले होतात का मोजा, वजन करत रहा. दुखणं सहन करत बसू नका आणि कोणी फीड न बघताच कट सुचवला तर हो म्हणू नका. आणि संपादक साहेब, एखाद्या बालरोगतज्ज्ञांकडून आणि स्तनपान समुपदेशकाकडून यावर फोटोंसकट पानभर लिहून घ्या ना, आमच्यासारख्या बायका रात्री तीन वाजता बाळाला मांडीवर घेऊन मोबाईलवर हेच शोधत असतात.

आपली,
एक वाचक, सांगली