जुना पाळणा, जुना रंग

महोदय,

गेल्या महिन्यात माळ्यावरचा सागवानी पाळणा नातीसाठी खाली काढला. तीन पिढ्या त्यात वाढल्या, त्याचा केवढा अभिमान होता! दुसऱ्याच दिवशी दहा महिन्यांची नात कठडा चघळताना दिसली. ओठाला हिरव्या रंगाचा पापुद्रा चिकटलेला. तोंडात बोट घालून उरलेला काढला आणि तिला तिथून उचलले ते उचललेच.

जुन्या तैलरंगांत शिसे सर्रास असे. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नको, हा नियम लागू झाला तो १ नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणजे त्याआधीचा रंग संशयितच. शिसे लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालते आणि त्याचे सुरक्षित असे प्रमाणच नाही. कृपया तो रंग घरी पॉलिश पेपरने घासू नका. ती धूळ आणखी घातक.

पेटाऱ्याचीही मला तेवढीच धास्ती वाटते. झाकण जड, कडी बाहेरून. लपाछपी खेळणारे मूल आत शिरले तर? आमच्या पेटाऱ्याची कडी आम्ही काढून टाकली. जुने फर्निचर विकणाऱ्यांनी घरात लहान मूल आहे का, एवढे तरी गिऱ्हाइकाला विचारावे.

– एक आजी, सातारा