सरोगेट मातेची संमती प्रत्येक प्रयत्नाआधी घ्या

महोदय,

सरोगसीतून, म्हणजे दांपत्यासाठी दुसऱ्या स्त्रीने (सरोगेट मातेने) गर्भ वाढवून, जन्मणाऱ्या मुलाचे आई-वडील कोण, हे आपला कायदा गर्भधारणेच्या आधीच ठरवून टाकतो. २५ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या सरोगसी (नियमन) कायद्यानुसार इच्छुक दांपत्य आणि सरोगेट माता यांनी मिळून प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो. पालकत्व व ताब्याचा आदेश हाती आल्याशिवाय सरोगसीसाठी लागणारे आवश्यकता प्रमाणपत्र मिळत नाही. पुढे जन्मनोंदणीलाही हाच आदेश लागतो. त्यामुळे त्याची प्रमाणित प्रत प्रसूतीपूर्वीच रुग्णालयात द्यावी आणि त्यातली नावे आधार कार्डाशी अक्षरशः जुळवून घ्यावीत. नाहीतर रुग्णालय जन्माच्या अर्जात सवयीने प्रसूत झालेल्या स्त्रीचेच नाव लिहिते आणि दुरुस्तीसाठी हेलपाटे सुरू होतात.

ब्रिटनमध्ये उलट आहे. तिथे जन्म देणारी स्त्री हीच आधी कायदेशीर आई, आणि बाळ सहा आठवड्यांचे होईपर्यंत पालकत्व सोडण्याची तिची संमती ग्राह्यच धरत नाहीत. आपल्याकडे कलम ८ प्रमाणे मूल दांपत्याचेच मानले जाते. मुलाला पहिल्या दिवसापासून निश्चित पालक मिळतात, हे योग्यच आहे. पण नंतर मत बदलायला जागा नसेल, तर आधीची संमती तावूनसुलाखून घ्यायला हवी.

कलम ६ सांगते की धोके व दुष्परिणाम तिला समजणाऱ्या भाषेत सांगून लेखी संमती घ्यावी. भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वी ती माघार घेऊ शकते. नियमांनुसार एका सरोगेट मातेवर सरोगसी प्रक्रियेचे जास्तीत जास्त तीन प्रयत्न करता येतात. पहिला फसला, तर दुसऱ्याआधी तिला पुन्हा नकार देता आला पाहिजे. कलमाचा सरळ अर्थ माझ्या मते हाच. नमुना २ वरची (सरोगेट मातेच्या संमतीपत्रावरची) पहिली सहीच पुढे चालवून घेतली, तर हा हक्क कागदावरच राहतो. गर्भ राहिल्यावरही तिचे शरीर तिचेच असते. गर्भपातासाठी तिच्यावर जबरदस्ती करता येत नाही. तिची लेखी संमती आणि समुचित प्राधिकाऱ्यांची (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्यांची) परवानगी दोन्ही लागतात.

ही सरोगसी परोपकारी, म्हणजे वैद्यकीय खर्च, विमा आदी विहित खर्चापलीकडे मोबदला नाही. सरोगेट माता नात्यातली असेल, तर दबाव घरातूनच येऊ शकतो आणि तो सहीत दिसत नाही. म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांनी तिच्याशी एकटीशी बोलावे. प्रयत्न किती होणार, माघार कधीपर्यंत घेता येते, ३६ महिन्यांच्या विम्याची पॉलिसी कोणाकडे आहे, हे तिच्याच तोंडून ऐकावे. आणि राज्यातील समुचित प्राधिकाऱ्यांनी परिपत्रक काढून प्रत्येक भ्रूण प्रत्यारोपणाआधी नव्या तारखेची सही बंधनकारक करावी, संमतीपत्राची तिच्या भाषेतली प्रत तिच्या हाती द्यायला लावावी.

– कौटुंबिक कायद्याचा एक अभ्यासक, ठाणे