चिऊ, सिटी चालू झाली, पण आधी हे वाच

चिऊ बेटा,

तू रोज व्हॉट्सॲपवर विचारून राहिली की गाडीचं कुठवर आलं, आणि मी नुसता अंगठा पाठवतो, कारण त्या एवढ्याशा चौकटीत हे सगळं मावत नाही. आज सकाळपासून झड लागली आहे, वावरात पाय टाकायची सोय नाही, दुकानात एकही ट्रॅक्टर आला नाही, म्हणून निवांत बसून लिहितो. पूर्ण वाच, मधलं सोडू नको.

मोठ्या बाबांची होंडा सिटी चालू झाली. काल संध्याकाळी दुसऱ्या सेल्फला लागली आणि चारही सिलिंडर बरोबर चालू आहेत, मिसिंग नाही. मोठी आई अंगणात खुर्ची टाकून बसली होती, आवाज ऐकून तिने पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, चिऊला फोन कर. मी म्हटलं फोन नाही, पत्रच लिहितो, तिला गंज काही सांगायचं आहे.

या गाडीवर ट्रॅकवर रेसिंग शिकायचं म्हणून तू पाठवलेली सामानाची यादी मी दोनदा वाचली. इनटेक, हेडर, मोठा एक्झॉस्ट, ईसीयूची ट्युनिंग, सगळं इंजिनची ताकद वाढवायचं. यातलं पहिल्या सीझनला काहीच घ्यायचं नाही असं माझं पक्कं मत आहे, आणि पैसे वाचवायचे म्हणून मी हे म्हणत नाही. जेवढा तुझा बजेट आहे तेवढा सगळा लावू, लागला तर मी अजून टाकतो, पण तो ब्रेक, टायर, सीट, बेल्ट आणि केज (गाडी उलटली तर जीव वाचवणारा पाइपांचा पिंजरा) यात जाईल. ही सिटी व्हीटेक मुळातच 106 हॉर्सपॉवरची आहे, दीड लिटर इंजिन, अंगाने हलकी, 2000 ते 2003 या काळात आपल्याकडे मिळायची, आणि पोरांनी ती रॅलीत, ट्रॅकवर उगाच नाही पळवली. दिसायला घरगुती आहे पण इंजिन सात हजार आरपीएमपर्यंत आनंदाने जातं. शिकणाऱ्याला याहून जास्त ताकद नको. पहिलं वर्ष स्टॉक इंजिनवर चालव, तुझा लॅप टाइम तुझ्या हातापायातून कमी होऊ दे.

आता गाडी कशी निघाली ते सांगतो. तुझी दहावी झाली त्या उन्हाळ्यापासून ती कोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये उभी होती हे तुला माहीतच आहे. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत फिल्टर दिसतच नव्हता, उंदरानं अख्खा डबा कापसानं भरून ठेवला होता, चांगला पिंजलेला, मधे सीटचा पिवळा फोम, तुरीची फोलपटं आणि कडेला सरकीचा ढीग. आपल्याच घरचा कापूस. हे न पाहता कोणी सेल्फ मारला असता तर तो कापूस आणि सरकी सरळ थ्रॉटलमधून इंजिनात गेली असती. वायरिंग तीन जागी कुरतडलेलं निघालं, त्यातली एक वायर इंजेक्टरची. नुसती टेप मारून भागवलं नाही, नवीन तुकडे घालून सोल्डर केले, वर स्लीव्ह चढवली. कुंभारमाशीनं तर जिथं भोक दिसलं तिथं मातीचं घर केलं होतं, काचेवर पाणी मारायच्या नोझलमध्ये, चासीच्या भोकांत, पेट्रोल टाकीच्या हवेच्या नळीतसुद्धा. ती नळी बंद राहिली की टाकीत हवा जात नाही आणि गाडी पळता पळता उपाशी मरते, मग माणूस उगाच पंप बदलत बसतो. तिकडे कोणी जुनी गाडी घेतली तर त्याला हे नक्की सांग.

इंजिनला मी आधी हातच लावला नाही, म्हणजे चावीला. चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं थोडं इंजिन ऑइल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीवर गोटी पाना लावून हातानं फिरवलं. इथं एक लक्षात ठेव, ह्या जुन्या होंडाचं इंजिन उलटं फिरतं, पुलीकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं. बाकी बहुतेक गाड्यांचं सुलट असतं म्हणून चांगले चांगले मिस्त्री इथं गडबडतात. पहिला पाव आटा जड गेला, मग मोकळं झालं. तो पुलीचा बोल्ट खोलायला मात्र पान्याला ट्रॅक्टरच्या जॅकचा लांब पाइप लावावा लागला, शेजारचे दोघे जण पुली धरून उभे होते.

टायमिंग बेल्ट दिसायला बरा होता, चिरा नाहीत, दात शाबूत. तरी काढून फेकला. रबर वयानं मरतं, किलोमीटरनं नाही, आणि या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व पिस्टनवर आदळतात, मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालतो म्हणून तोही नवा, टेन्शनर नवा, कॅम आणि क्रँकचे ऑइल सील नवे. एकदा उघडलं आहे तं सगळं एकाच वेळी केलेलं बरं.

पेट्रोलची टाकी उतरवली. आतल्या पेट्रोलला वार्निशसारखा आंबूस वास आणि चहासारखा रंग. टाकी धुतली, पंपाची जाळी आणि फिल्टर बदलले, इंजेक्टर नागपूरला पाठवून साफ करून आणले. रबरी पाइप सगळे नवीन टाकले, कारण आता पंपावर ई20 मिळतं, म्हणजे 20 टक्के इथेनॉल, आणि त्या काळच्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं, फुगतं आणि मऊ पडतं. गरम इंजिनावर पेट्रोल टिपकलं तं काय होते ते मी तुला सांगायला नको. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, म्हणून दोन रेसच्या मधे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवत जा.

आता ब्रेक. इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तूही हे सगळ्यात नीट वाच.

ब्रेक ऑइल पाणी पितं. डबा बंद असला, गाडी उभी असली तरी रबरी होजमधून, झाकणातून ओलावा आत शिरतच राहतो. डॉट 4 ऑइल नवीन असताना किमान 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की तेच ऑइल 155 च्या पुढं उकळू शकतं. गावात, हायवेवर ब्रेक कधी एवढे तापत नाहीत म्हणून लोकांना हे कळतच नाही. ट्रॅकवर तू सरळ रस्त्याच्या शेवटी दर लॅपला दाबून ब्रेक मारशील, डिस्क लाल व्हायच्या बेताला येते, ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणजे तुझा पाय सरळ फ्लोअरला जाईल आणि गाडी तशीच पुढं जाईल. आपल्यात म्हणतात ना, पळणारा बैल कोणीही घेतो, कासरा ओढला की थांबणारा बैल पाहून घ्यावा, तसंच हे.

म्हणून मी मास्टर सिलिंडर नवीन टाकला, पुढच्या कॅलिपरचे पिस्टन काढले, एकावर गंज होता तो बदलला, दोन्हीकडचे सील नवे. मागं ड्रम आहेत, तिथले व्हील सिलिंडर पूर्ण जाम होते, नवीन बसवले, लायनर नवे. पहिल्यांदा एका दुकानातून आणलेले पुढचे पॅड डुप्लिकेट निघाले, घासून पाहिले तं भुकटी पडून राहिली, परत केले. रेसचे पॅड तू कोइंबतूरमध्येच घे, तिकडे रेसचं सामान विकणारे आहेत, आणि ते पॅड थंड असताना कमी धरतात हे ध्यानात ठेव, पहिल्या लॅपला त्यांच्या भरवशावर राहू नको. स्टीलची जाळी असलेले होज पण तिकडून आण. ऑइल आपण तू आल्यावर सोबत भरू आणि हवा काढू, पॅडलवर तुझाच पाय पाहिजे, पॅडल कडक म्हणजे किती कडक हे तुझ्या पायाला कळलं पाहिजे.

अजून एक. ब्रेक दोन प्रकारे जातात. पॅडल मऊ होऊन खाली गेलं तर ऑइल उकळलं. पॅडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापले. दोन्हीत पुढचा लॅप हळू घे, ब्रेक न लावता वारा लागू दे, मग पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकबाजूच्या गाडी थांबवायच्या जागेत, ये. आणि तापलेल्या गाडीला पिटमध्ये हँडब्रेक कधीच ओढायचा नाही, लायनर ड्रमला चिकटतात, ड्रम वाकडा होतो. गिअरमध्ये ठेव आणि चाकाला गुटका लाव.

टायर नवे लागतील, यावर चर्चा नाही. जुन्या टायरवर नक्षी भरपूर आहे म्हणून मोठी आई म्हणत होती की कशाला फेकता. मी तिला बाजूवरचे चार आकडे दाखवले, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. एवढे जुने टायर दगड झालेले असतात, ते बैलगाडीला लावू. नवे टायर लावल्यावर नट टॉर्क रेंचनंच आवळायचे, होंडाला 108 न्यूटन मीटर, आणि पहिल्या काही लॅपनंतर पुन्हा तपासायचे.

रेडिएटर मी बदललाच. वरची प्लास्टिकची टाकी हाताच्या बोटानं दाबली तर कुरकुर वाजत होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्या उन्हात ही गाडी एसी लावून हिंगणघाट ते नागपूर गेलेली आहे, पण ट्रॅकची गरमी वेगळी, तिथं इंजिन सतत वरच्या आरपीएमवर असतं. थर्मोस्टॅट, झाकण, होज सगळं नवं. आत कूलंट कोणतं चालतं ते आयोजकांना विचार, बऱ्याच ठिकाणी ग्लायकॉलवालं चालत नाही, सांडलं तर ट्रॅक निसरडा होतो आणि मागचा घसरतो. इंजिन ऑइल काडीवर नेहमी वरच्या खुणेला ठेव. लांब वळणात ऑइल चेंबरच्या एका बाजूला जातं, पंप कोरडा ओढतो, आणि बेअरिंग जायला तेवढा वेळ पुरतो.

सीट, बेल्ट, केज याबद्दल तुझी आई रोज विचारते, म्हणून तिला समजेल असं लिहितो, तिला वाचून दाखवणार आहे. केज सीमलेस पाइपचाच, कोपऱ्यावर वेल्डिंग करणारा आपला गाववाला यात चालणार नाही, तो ट्रॉली चांगली बनवतो पण हे काम वेगळं. रेसच्या केज बनवणाऱ्याकडूनच करू. सहा पॉइंटचा बेल्ट घे, त्यावर एफआयएचं, म्हणजे मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेचं, लेबल आणि मुदत छापलेली असते, ती पाहूनच घे. सेकंडहँड स्वस्त मिळतो म्हणून मुदत संपलेला घेऊ नको, आणि सेकंडहँड हेल्मेट तर अजिबात नको, कुठं आपटलेलं आहे ते बाहेरून दिसत नाही. बॅटरी पट्टीनं घट्ट, आग विझवायचा सिलिंडर हाताला येईल असा, बाहेरून बंद करता येईल असा कट-ऑफ स्विच, पुढं मागं ओढायचे हुक. फ्लोअर मॅट काढून टाक, पॅडलखाली अडकतात.

तू कोइंबतूरच्या कारी स्पीडवेवर पहिल्यांदा जाणार याचा मला मनापासून आनंद आहे. 2.1 किलोमीटरचा छोटा ट्रॅक, शिकायला चांगला. ज्यांच्या नावाचा तो आहे त्या करिवर्धन यांनी मारुती 800 च्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती उभी केली होती, आपल्याच देशातल्या साध्या गाडीचं इंजिन घेऊन. मला ते फार आवडतं. म्हणूनच मोठ्या बाबांच्या गाडीवर तू शिकते आहे हे मला बरोबर वाटतं. चेन्नईचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक 3.7 किलोमीटरचा आहे, तिथं वेग जास्त, तो पुढच्या वर्षी. आधी नुसते ट्रॅक डे कर, मग एफएमएससीआयचं, म्हणजे आपल्या देशातल्या मोटर रेसिंगच्या संघटनेचं, लायसन्स काढ, मग रेस. झेंडे पाठ कर. पिवळा दिसला की ओव्हरटेक नाही, लाल दिसला की सेशन थांबलं, निळा म्हणजे मागून तुझ्यापेक्षा जोरात गाडी येत आहे, काळ्यावर नारिंगी गोळा म्हणजे तुझ्या गाडीत काही बिघडलं, लगेच पिटला ये. अशा वेळी मला वाईट वाटेल म्हणून गाडी ओढत बसू नको.

कागदांचं असं आहे. गाडी अजून मोठ्या बाबांच्या नावावर आहे, आधी मालक गेल्यावर वारसाच्या नावावर करायचा फॉर्म 31 भरून मोठ्या आईच्या नावावर, मग तुझ्या नावावर. पंधरा वर्षं केव्हाच झाली म्हणून रजिस्ट्रेशन नूतनीकरणाचा फॉर्म 25 पण लागेल. ट्रॅकवर ट्रकवर टाकून नेली तरी कागद साफ पाहिजेत, रस्त्यात कोणी अडवलं तं उत्तर देता आलं पाहिजे. मोठ्या आईनं सही करून ठेवली आहे. तुझी सही, आधार आणि चार फोटो राहिले.

पोळ्याला येशील तेव्हा चार दिवसांची सुट्टी टाकूनच ये, दोन दिवसांत होणार नाही. येताना पॅड, होज, डॉट 4 चे बंद डबे आणि एक चांगला टॉर्क रेंच आण, माझा ट्रॅक्टरचा आहे, तो एवढ्या कमीवर बरोबर दाखवत नाही. घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), जॅक, कॉम्प्रेसर सगळं इथं आहे. गाडी चारही घोड्यांवर चढवून ठेवतो.

तुझे,
बाबा

ता. क. सीट बनवणाऱ्याला तुझी उंची आणि खांद्याचं माप फोनवर सांगू नको, स्वतः जाऊन बसून पाहा.