शेजारच्या काकांना, एका आडोशाबद्दल आभार

प्रिय काका,

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला ते माझी लेक इंग्रजीत वाचून दाखवणार. सगळ्यांसमोर लिहायचं कारण असं की मी क्रॉसबोने, म्हणजे बंदुकीसारखा चाप ओढून बाण सोडायच्या आडव्या धनुष्याने, हरणाची शिकार करते हे कळल्यापासून साताऱ्याकडचे नातेवाईक आणि इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणी मला एकच विचारतात, हे तुला शिकवलं तरी कोणी? तर ते हे काका, अमेरिकेत आग्नेय ओहायोतल्या आमच्या टेकडीच्या पलीकडच्या उतारावर राहणारे.

आमच्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. त्यामुळे माझ्या पिढीला शिकार म्हणजे एकतर गुन्हा, नाहीतर संस्थानिकांच्या वाड्यातले जुने फोटो. इथली गोष्ट वेगळी कशी, हे तुम्ही मला सोयाबीनच्या बांधावर उभं राहून समजावलंत. १९०४च्या सुमारास ओहायोत पांढऱ्या शेपटीचं हरीण उरलंच नव्हतं. मग ते जपलं, वाढू दिलं आणि १९४३मध्ये अवघ्या तीन काउंट्यांपुरती, म्हणजे जिल्ह्यांपुरती, शिकार पुन्हा सुरू झाली. आज ती इतकी आहेत की माझी भेंडी आणि तुमचं सोयाबीन दोन्ही त्यांनी खाल्लं. परवान्याचे पैसे वन्यजीव खात्याकडे जातात, हेही तेव्हाच कळलं. तरी मारणं ते मारणंच, असं मी म्हटलं. तुम्ही मान डोलावलीत आणि वाद घातला नाहीत. मला ते आवडलं.

माझा खांदा आखडलेला, त्यामुळे कंपाउंड बो, म्हणजे हाताने ताणायचं चाकांचं धनुष्य, ओढणं शक्यच नव्हतं. तुम्ही स्वतः आयुष्यभर तोच वापरलात. तुमच्यासारख्या कित्येकांना क्रॉसबो म्हणजे लबाडी वाटते, मागे एका दुकानदाराने मला तसं ऐकवलंही. तुम्ही मात्र मला क्रँक फिरवून दोरी चढवायचा क्रॉसबो निवडायला लावलात. महिनाभर फक्त गवताच्या गाठोड्यावर नेम धरायला लावलात, आणि प्रत्येक वेळी आधी माझा अंगठा कुठे आहे ते पाहिलंत. तो रेलच्या, म्हणजे बाण घसरत जातो त्या पट्टीच्या, वर आला तर सुटलेली दोरी बोट ठेवत नाही. बोल्ट, म्हणजे क्रॉसबोचा आखूड बाण, न लावता चाप ओढायचा नाही, कारण सगळा जोर धनुष्याच्या पात्यांवर येऊन ती फुटू शकतात. हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की आता लेकही म्हणून दाखवते.

पण खरे आभार मानायचेत ते त्या ब्लाइंडबद्दल, म्हणजे लपून बसायच्या कापडी आडोशाबद्दल. दुकानात मला तो कॅम्पिंगच्या तंबूसारखाच वाटला होता. चार दांडे फटकन बाहेर ढकलले की उभा. तुम्ही तो ऑगस्टमध्येच ओकच्या झाडांच्या कडेला ठोकून ठेवलात, म्हणजे सप्टेंबरअखेर हंगाम सुरू होईपर्यंत हरणांना त्याची सवय होईल. वर तिथल्याच फांद्या अडकवल्यात. मी झाडापानांच्या छापाचे महागडे कपडे घालून आले, तर तुम्ही हसून काळा स्वेटशर्ट पुढे केलात. आतून कापड काळं, तेव्हा माणूसही काळाच हवा. मागच्या खिडक्या बंद, नाहीतर उजेडात आकृती उठते. स्टुलाखालचा पालापाचोळा मातीपर्यंत खरवडून काढायचा, एक पान करकरलं तरी संध्याकाळ वाया.

आणि ती खिडकी! स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, रेलच्या दोन-तीन इंच वर असतो. त्यातून हरीण स्वच्छ दिसतं, पण खाली बोल्टच्या वाटेत खिडकीची कडा आडवी येऊ शकते. मी स्कोपमधूनच बघत राहिले असते. तुम्ही रिकामा क्रॉसबो तिवईवर ठेवून मला डोकं खाली, रेलच्या उंचीला आणायला लावलंत, तेव्हा समोर हरणाऐवजी कापड दिसलं. दोन्ही पाती कापडाला घासत नाहीत ना, हेही तेव्हाच पाहायचं. व्हिडिओत हे असेलही कुठेतरी, मला ते तुमच्या अंगणात कळलं.

वाऱ्याचं तर काय सांगू. संध्याकाळी ऊन उतरलं की गार हवा उताराने खाली घसरते आणि आपला वास घेऊन जाते. त्यामुळे दुपारनंतर हरणांच्या वाटेच्या वरच्या अंगाला बसायचं नाही. सकाळी ऊन तापू लागलं की उलटं. एरवी मला अशा गोष्टी मानण्यावर असतात असं वाटतं, पण ही तुम्ही टाल्कम पावडर उडवून दाखवलीत.

तुम्ही तीस यार्डांवर, म्हणजे नव्वद फुटांवर, नारंगी रंगाची एक काठी रोवलीत. तिच्यापलीकडे बोल्ट सोडायचा नाही, शिंगं कितीही मोठी असोत. जाहिरातींत लोक शंभर यार्डांच्या गप्पा मारतात. तुम्ही पाठकोऱ्या पाकिटावर हिशेब मांडलात. माझा बोल्ट सेकंदाला साधारण ३८० फूट जातो, आवाज ११०० फूट. तीस यार्डांना बोल्टला पाव सेकंद लागतो, साठला जवळजवळ अर्धा. आवाज दोन्हीकडे आधी पोचतो आणि सावध हरीण तो ऐकताच उडी घ्यायला खाली दबतं. अर्ध्या सेकंदात ते इतकं हलतं की फुप्फुसावर धरलेला नेम पाठीत लागतो आणि जनावर रात्रभर कुठेतरी तडफडतं. ते पाकीट मी फ्रिजवर लावलंय. त्या काठीपलीकडून एक मोठा नर निवांत चरून गेला. मी तो जाऊ दिला, तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात.

ती मादी आली तेव्हा काठीच्या अलीकडे होती, आडवी उभी, पुढचा पाय पुढे टाकलेला. बोल्ट सुटल्यावर मी तुम्हाला फोन केला आणि तुम्ही म्हणालात, अर्धा तास जागची हलू नकोस. मग टॉर्च घेऊन आलात. आरपार गेलेला बोल्ट मातीत पडला होता, त्यावरचं रक्त गुलाबी आणि फेसाळ. फुप्फुस, तुम्ही म्हणालात. ते काळपट असतं किंवा हिरवट घाण असती, तर आपण कित्येक तास थांबलो असतो, कदाचित सकाळपर्यंत. रक्ताच्या प्रत्येक खुणेशी टॉयलेट पेपरचा तुकडा अडकवत आपण गेलो आणि ती ओढ्याच्या अलीकडेच सापडली. माझे हात थरथरत होते. तुम्ही सुरी माझ्या हातात दिलीत आणि उजेड धरून उभे राहिलात. तुम्ही स्वतः पाच मिनिटांत साफ केलं असतंत. मला किती वेळ लागला ते तुमच्या गुडघ्यांना ठाऊक.

शिकारीची नोंद दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत करायची असते, ती तुम्ही रात्रीच माझ्या फोनवरून करवून घेतलीत. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा जीवघेणा मेंदूचा रोग २०२०मध्ये ओहायोच्या रानातल्या हरणांत सापडल्याने नमुना तपासायला पाठवलात आणि निकाल येईपर्यंत आम्हाला खाऊ दिलं नाहीत.

सासूबाई तेव्हा कोल्हापूरहून आल्या होत्या. "ह्याला चरबीच नाही गं, तेल वाढवावं लागणार," असं म्हणत त्यांनी तांबड्या रश्श्यात ते मंद आचेवर दुपारभर शिजवलं. तुम्ही डोळ्यांतून पाणी काढत दोनदा वाढून घेतलंत, आणि त्या अजून फोनवर तुमची चौकशी करतात.

काका, तुमची जमीन, तिवई आणि एवढा वेळ मला दिलात, बदल्यात काही मागितलं नाहीत. मनापासून आभार. यंदाच्या लेखी परवानगीचा कागद सहीसाठी रविवारी घेऊन येते. सोबत खिमा असेल, मिरची निम्मी.

तुमची,
टेकडीपलीकडची शेजारीण