निळा रंग म्हणजे आर्गॉन नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. हॉटेलांचे ओटे, डेअरीच्या टाक्या, पाइपलाइनी, अशी स्टेनलेस स्टीलची कामं करतो. आपल्या शहर पानावर घरगुती सिलिंडरचे भाव नेमाने येतात; आमच्या वेल्डिंगच्या सिलिंडरबद्दल मात्र काही घडल्याशिवाय कोणी लिहीत नाही. काही घडायच्या आत लिहावं म्हणून हे पत्र.

मागच्या उन्हाळ्यात एका दुधाच्या टाकीचं काम चालू होतं. वेल्डर टिगवर बसला (टिग म्हणजे टंगस्टनच्या टोकाने, आर्गॉन गॅसच्या आडोशाला करायचं वेल्डिंग) आणि दुसऱ्याच जोडाला थांबला. टंगस्टनचं टोक काळंनिळं पडलेलं, जोडाला चकाकी यायची तिथे राखाडी काजळी आणि सुईने टोचल्यासारखी छिद्रं. नोझल बदललं, पाइप तपासला, टॉर्च बदलली. शेवटी आदल्या दिवशीच्या सिलिंडरमध्ये उरलेला गॅस लावून पाहिला, तर जोड आरशासारखा. म्हणजे खोट सकाळी आलेल्या सिलिंडरात. पुरवठादाराला फोन केला. त्याचा टेम्पोवाला आला आणि म्हणाला, "काका, निळा हाय ना? मंग आर्गॉनच आहे. कायले डोकं लावता!"

तो चहा पीत होता तोवर वेल्डरने सिलिंडरच्या खांद्यावरचा रंग खरवडला. निळ्याखाली राखाडी निघाला आणि मानेजवळ काळा. राखाडी अंग आणि काळी मान ही नायट्रोजनची खूण. टेम्पोवाला गप्प झाला. सिलिंडर बदलून मिळाला, पण दीड दिवस गेला आणि टाकी उशिरा गेली. बिल काढून पाहिलं, तर त्यावर एवढंच: "आर्गॉन, 1 नग."

माझं भांडण या "1 नग" शी आहे. आर्गॉन ही काही एकच वस्तू नाही. 99.99 टक्के म्हणजे दहा लाख भागांत शंभर भाग दुसरं काहीतरी, 99.999 म्हणजे दहाच भाग. एक नऊ वाढला की कचरा दहापटीने कमी होतो, आणि भावही वाढतो. याचं भारतीय मानक आहे, आयएस 5760. गिऱ्हाईक स्टीलचा ग्रेड 304 आहे का 202, ते माझ्याकडून लिहून घेतं. मग मी गॅसचा ग्रेड का लिहून घेऊ नये? कटिंगच्या ऑक्सिजनचंही तेच. शुद्धता एका टक्क्याने घसरली, तर कापाचा वेग साधारण पाव हिश्श्याने पडतो. आपण मात्र कारागिराला बोलतो, की आज तुझा हात चालत नाही.

रंगाचंही मानक आहे, आयएस 4379. पण रंग ही लांबून ओळखायची खूण आहे. आत काय आहे ते लेबल सांगतं. गॅस सिलिंडर नियम 2016 नुसार भरलेल्या सिलिंडरचा रंग कोणी परस्पर बदलूच शकत नाही. व्हॉल्व्हच्या आट्यांचा भरवसा धरावा, तर डावे आटे फक्त जळणाऱ्या गॅसला. नायट्रोजन आणि आर्गॉन दोन्ही न जळणारे, दोघांचे आटे उजवे. म्हणून लेबल फाटलं किंवा रंगाखाली गेलं, की सिलिंडर मुका झाला.

यातला काही गोंधळ करोनातला असावा, असा माझा अंदाज. 2021 च्या एप्रिलमध्ये नायट्रोजन-आर्गॉनचे सिलिंडर साफ करून, तपासून ऑक्सिजनसाठी वापरायला सरकारने परवानगी दिली, आणि ते बरोबरच होतं. विशाखापट्टणमहून निघालेल्या पहिल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसचे तीन टँकर 23 एप्रिलला नागपुरात उतरले, ते दिवस कोण विसरेल? आमच्या गल्लीतल्या प्रत्येक वर्कशॉपने आपापले सिलिंडर दिले. मीही दिले. पण लाट ओसरल्यावर कुठला सिलिंडर कुठे परतला, याचा हिशेब कोणी ठेवला? वर्कशॉपात आलेल्या ऑक्सिजनच्या काळ्या सिलिंडरच्या रंगाखाली पांढरा खांदा मी स्वतः पाहिला आहे. पांढरा खांदा दवाखान्याच्या ऑक्सिजनचा. असा सिलिंडर इकडे आला तर माझं काही बिघडत नाही. उलटा प्रवास झाला तर? टक्केवारीत कारखान्याचा ऑक्सिजन कमी नसतो, पण दवाखान्याचा ऑक्सिजन कायद्याने औषध आहे, आणि औषधाच्या बाटलीत आधी काय होतं ते ठाऊक असावं लागतं.

आता तारीख. घरच्या सिलिंडरवर वरच्या पट्टीला ठळक अक्षर असतं: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, पुढे सी आणि डी, आणि सोबत चाचणीचं साल. वाचायला सोपं. आमच्या ऑक्सिजन-आर्गॉनच्या सिलिंडरची दाबचाचणी पाच वर्षांनी होते आणि तिची तारीख खांद्यावर ठोकलेली असते. वर रंगाचे इतके थर, की आंधळ्यासारखं बोटाने चाचपावं लागतं. उन्हाने सिलिंडर फुटतो ही भीती मात्र मी वाढवणार नाही. 15 अंशाला चौरस सेंटिमीटरला 150 किलो दाबाने भरलेला ऑक्सिजन नागपूरच्या 47 अंशांत 165 च्या थोडा पुढे जातो, आणि सिलिंडर तपासलेला असतो 250 ला. पण तपासलेला असेल तर!

हाताळणीबद्दल फार लिहीत नाही, ती रोज रस्त्यावर दिसते. टेम्पोतून जुन्या टायरवर दाणकन उतरवलेले सिलिंडर. ऑटोत आडवा घातलेला ॲसिटिलीन, ज्यातला ॲसिटोन उभा न ठेवल्यास गॅसबरोबर बाहेर येतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह घट्ट झाला म्हणून त्याला ग्रीस लावणारा पोरगा. दाबाखालच्या ऑक्सिजनला ग्रीस भेटलं, की ठिणगीचीही गरज नसते. नियमात सिलिंडर सरकवू नका, पाडू नका, आणि त्याच्याशी खेळू नका, असं चक्क लिहिलं आहे. तो पोरगा हे वाचणार कुठे? राजपत्र हिंदी आणि इंग्रजीत.

गंमत म्हणजे हे नियम ज्यांच्या अखत्यारीत आहेत, त्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं देशाचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. गुवाहाटीच्या वर्कशॉपवाल्याला तिथे यायला दोन दिवस लागत असतील, मी स्कूटरवर जाऊ शकतो. म्हणून माझं मागणं छोटं आहे. त्यांनी मराठीत एक पान काढावं, रंग, आटा, चाचणीची तारीख आणि ग्रीसबंदी एवढंच, आणि ते प्रत्येक पुरवठादाराने पहिल्या सिलिंडरबरोबर वर्कशॉपात द्यावं. बिलावर गॅसचा ग्रेड, मानकाचा क्रमांक आणि सिलिंडरचा नंबर छापल्याशिवाय माल उतरू नये. चाचणीची तारीख रंगवताना झाकली, तर तो सिलिंडर भरूच नये.

तोवर मी सिलिंडर उतरण्याआधी खांदा तारेच्या ब्रशने घासतो, तारीख वाचतो आणि चलनावर स्वतःच्या हाताने लिहून मग सही करतो. टेम्पोवाला कुरकुरतो, "काका, तुमच्या इकडे आलो का लय टाइम जाते." जाऊ दे.

आपला,
एक वर्कशॉपवाला,
हिंगणा एमआयडीसी, नागपूर