शिडी घेतलीत, शिकवणार कोण? अग्निशमन मंत्र्यांना एका यंत्रचालकाचं खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

आपल्या खात्याचं परिपत्रक परवा आमच्या केंद्राच्या फळ्यावर लागलं. शिडी-गाडीवर, म्हणजे उंच मजल्यांवरच्या सुटकेसाठी लांब होणारी शिडी बसवलेल्या गाडीवर, नेमणूक असलेल्या सर्वांनी मोबाइलवर एक व्याख्यान पाहायचं, शेवटी येणाऱ्या प्रश्नांना टिचकी मारून उत्तरं द्यायची, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. मग केंद्र अधिकाऱ्यांनी सोबतच्या नमुन्यात ‘सर्व कर्मचारी प्रशिक्षित आहेत’ असं लिहून सही-शिक्क्यानिशी वर पाठवायचं. मुदत महिनाअखेर. प्रत्यक्ष गाडीला हात लावण्याचा उल्लेख त्यात कुठेही नाही.

आपल्याला आठवत नसेल, म्हणून सांगतो. माझ्या पायावर शिडी-गाडीचा जॅक, म्हणजे गाडी स्थिर ठेवायला जमिनीवर टेकवतात तो लोखंडी पाय, उतरला तेव्हा आपण रुग्णालयात आला होतात. ‘यापुढे गाडीवर प्रशिक्षण घेतल्याशिवाय एकही माणूस शिडीवर नेमला जाणार नाही, हा माझा शब्द आहे,’ असं आपण कॅमेऱ्यांसमोर म्हणालात. त्यासाठी मला उशा लावून उठवून बसवलं होतं. आडव्या पडलेल्या माणसाचा फोटो चांगला येत नाही म्हणे. त्या शब्दाचं हे परिपत्रक झालं.

आगीची वर्दी रात्रीची होती. गाडी लावली, पीटीओ (इंजिनाची ताकद शिडी-जॅकच्या यंत्रणेला देणारा जोड) टाकला, मी एका बाजूच्या जॅकखाली लाकडी पाट सरकवत होतो. मागच्या पॅनलवर नवा मुलगा उभा होता. शिडीचा नेहमीचा माणूस रजेवर, म्हणून त्याला पाठवलेलं. त्याने लिव्हर दाबली, पण त्या जागेवरून त्याला माझी बाजू दिसतच नव्हती. दुसऱ्या माणसाने त्या बाजूला उभं राहून हात वर करून इशारा दिल्याशिवाय जॅक हलवायचा नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याचं एकूण शिक्षण म्हणजे गाडी आली त्या दिवशी कंपनीच्या माणसाने दाखवलेलं प्रात्यक्षिक. तेही त्याने मागच्या रांगेतून पाहिलं, कारण पुढे पाहुणे बसले होते. मी त्या मुलाला दोष देत नाही. चौकशीत मात्र दोष त्याच्याच नावावर चढला आणि त्याची वेतनवाढ रोखली गेली. त्याला न शिकवता तिथे उभं करणाऱ्यांची नावं अहवालात नाहीत.

साहेब, शिडी-गाडी म्हणजे पाण्याच्या बंबावर बसवलेली लांब शिडी नव्हे. बंब चालवणारा चांगला चालक या गाडीवर पहिल्याच वळणाला फसू शकतो. मागचा भाग मागच्या चाकांच्या बराच बाहेर निघालेला असतो आणि वळताना उलट्या दिशेला झाडू मारत फिरतो. वजन वर असल्यामुळे वेगात वळवली तर कलते. हे झालं नुसतं तिथे पोचणं. खरी परीक्षा गाडी थांबवताना असते. युरोपात २३/१२ या वर्गाची शिडी सर्रास वापरतात. तिचा अर्थ असा, की गाडी इमारतीपासून १२ मीटरवर असेल तर सुटका २३ मीटर उंचीपर्यंत. हीच शिडी सरळ ताणली तर ३० मीटरच्या आसपास जाते, आणि उद्घाटनाच्या फलकावर तोच ३० चा आकडा रंगवतात. रस्त्यात मोटारी उभ्या असल्या आणि गाडी आणखी लांब लावावी लागली, की मजले एकेक करून हातातून जातात. कुठे थांबायचं हा निर्णय चालकाला काही सेकंदांत घ्यायचा असतो. एकदा जॅक टाकले की ‘थोडी पुढे घेतो’ म्हणता येत नाही. सगळं गुंडाळून पुन्हा मांडायचं, आणि वर खिडकीत माणसं उभी.

मग जमीन. फरसबंदीखाली गटार आहे, भराव आहे की खोदून बुजवलेला खड्डा, हे पाहायचं. वर विजेच्या तारा पाहायच्या. शिडी तारेला लागली तर बास्केटमधला, म्हणजे शिडीच्या टोकाच्या पाळण्यातला, वाचू शकतो आणि गाडीला हात लावून जमिनीवर उभा असलेला मरतो, हे किती जणांना माहीत आहे? आमच्या केंद्रात मी सहज विचारलं, चौघांपैकी तिघांना माहीत नव्हतं. हे प्रमाण सगळीकडे असेलच असं नाही, पण आपण विचारून तर पाहा. वाऱ्याचंही तेच. बऱ्याच गाड्यांची मर्यादा सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. जमिनीवर झुळूक वाटते तेव्हा वर ती ओलांडलेली असू शकते. बास्केटमधून पाण्याचा मारा सुरू केला की उलटा धक्का बसतो, तो शिडीलाच पेलावा लागतो. शिडी आत-बाहेर होत असताना पायऱ्यांवर माणूस असेल तर दोन भागांच्या मध्ये बोटं कापली जातात. इंजिन बंद पडलं तर आणीबाणीचा पंप चालवून वर अडकलेल्यांना खाली आणायचं. तो पंप कुठे आहे हे पुस्तिकेत लिहिलंय, आणि पुस्तिका साहेबांच्या कपाटात कुलपात आहे. हरवू नये म्हणून!

हे ज्ञान काही नवं नाही. १८६८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डॅनियल हेज यांनी गाडीवरच्या शिडीचं पेटंट घेतलं. १८७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नव्या उंच शिडीचं प्रात्यक्षिक चालू असताना ती मोडली आणि तीन जवान मेले. प्रात्यक्षिकातच, आग नसताना. त्याला आता दीडशे वर्षं झाली. अमेरिकेत चालक-यंत्रचालकासाठी एनएफपीए या तिथल्या अग्निसुरक्षा संस्थेचं १००२ क्रमांकाचं मानक होतं, आता ते १०१० क्रमांकाच्या मानकात घातलंय. त्यात शिडी-गाडीसाठी वेगळं प्रकरण आहे. अरुंद जागेत गाडी फिरवून दाखवा, जॅक टाकून गाडी स्थिर करा, शिडी सांगितलेल्या जागी न्या, यंत्रणा बंद आहे असं समजून खाली उतरवा. प्रत्येक गोष्ट करून दाखवायची. टिचकी मारून नाही. मी हे मोबाइलवरच वाचलं, म्हणजे मोबाइल अगदीच निरुपयोगी नाही हे मान्य.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक शिडीमागे शिकवणारा एक माणूस, ज्याने आयुष्यात ती चालवली आहे. दर आठवड्याला गाडी बाहेर काढून खरोखर जॅक टाकायचे, दिवसा आणि रात्रीही, उतारावर आणि गल्लीतही. जो पास होणार नाही त्याला लिव्हरला हात लावू द्यायचा नाही, मग त्या दिवशी माणूस कमी पडला तरी चालेल. ‘गाडी काढली की डिझेल जातं, पाट झिजतात, रंग उडतो’ ही कारणं बंद करा. नव्या शिडीच्या किमतीच्या शंभराव्या हिश्श्यात वर्षभराचं शिक्षण होईल, असा माझा अंदाज आहे. हिशेब चुकला असेल तर पन्नासावा म्हणा. तुमच्याकडे हिशेबनीस आहेत, बसवा त्यांना.

आता माझं ऐका. पाय वाचला, पण घोटा वळत नाही. मला ‘हलकं काम’ दिलंय, म्हणजे नियंत्रण कक्षात फोन उचलायचा. शिडीची वर्दी आली की मी ती लिहून घेतो, आणि कोण गेलंय ते नाव वाचून पोटात गोळा येतो. औषधोपचाराची बिलं तीन टेबलांवर फिरताहेत. एका टेबलाने विचारलं, जखम कर्तव्यावर असताना झाल्याचा पुरावा काय? मी म्हटलं, मंत्र्यांचा माझ्यासोबतचा फोटो. ते हसले आणि साक्षांकित प्रत मागितली. रात्री पाय ठणकतो तेव्हा बायको उठून बसते, काही बोलत नाही. मुलीने शाळेत निबंध लिहिला, ‘माझे बाबा शिडीवर चढतात’. मी तिला तो दुरुस्त करायला सांगितलं नाही. हे सगळं तुमच्या खात्याच्या कुठल्या रकान्यात बसतं?

तुम्ही म्हणाल, निधी नाही. निधी असतो, साहेब. गाडी घेताना असतो. गाडीला हार घालता येतो, फीत कापता येते, तिच्यासमोर भाषण होतं. शिक्षणाला हार कुठे घालणार? ज्या निविदेत गाडीच्या रंगाची छटा क्रमांकासह लिहिलेली असते, त्याच निविदेत प्रशिक्षणाची एक ओळ असते: ‘पुरवठादार आवश्यक ते मार्गदर्शन करील.’ आवश्यक किती, ते पुरवठादार ठरवतो आणि दुपारच्या गाडीने परत जातो. शिकवू शकणारे जुने लोक निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. जे आले ते कंत्राटावर. त्यांना तयार करावं तर कंत्राट संपतं. उंच इमारतींना परवानगी देणारं खातं वेगळं, त्यांच्यासमोरचा रस्ता मोटारींना देणारं वेगळं, तारा टांगणारं वेगळं. आग लागली की मात्र सगळे मिळून विचारतात, शिडी उशिरा का उघडली? मग एक समिती, समितीचा अहवाल, अहवालावर अभ्यासगट, अभ्यासगटाची शिफारस आणि शेवटी मोबाइलवरचं व्याख्यान. माझी खात्री आहे, त्या व्याख्यानाचंही कंत्राट निघालं असणार, आणि तेवढं मात्र वेळेत पूर्ण झालं असणार.

आमच्या केंद्राच्या नमुन्यात नावांची यादी आहे. त्यात माझंही नाव आहे, कारण कागदावर मी अजून शिडीवरच आहे. माझ्या नावापुढे सही नाही, आणि मी करणार नाही. केंद्र अधिकाऱ्यांनी विनवणी केली. त्यांच्यावरही वरून दट्ट्या आहे, त्यांचा राग नाही. शिस्तभंगाची नोटीस काढायची असेल तर खुशाल काढा. चौकशी अधिकारी मात्र असा पाठवा, ज्याने निदान एकदा स्वतःच्या हाताने जॅक टाकले आहेत. तोपर्यंत मी चौकशीला बसणार नाही.

आपला,
एक यंत्रचालक, सध्या हलक्या कामावर
(सेवानियमांमुळे नाव देत नाही. खात्याला हवं असेल तर माझा फोटो आपल्याच कार्यालयात आहे.)