सूचना : अफाफ मेलाइस यांच्या कार्यावरील बैठक

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सायंकाळी 6 वाजता होणाऱ्या अभ्यासगटाच्या बैठकीत नर्सिंग क्षेत्रातील सिद्धान्तकार अफाफ मेलाइस यांच्या कार्यावर चर्चा होईल. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे नर्सिंगची पदवी घेऊन त्या अमेरिकेत गेल्या, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून 1968 मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली आणि सॅन फ्रान्सिस्को येथे दीर्घकाळ अध्यापन व संशोधन केल्यानंतर 2002 ते 2014 या काळात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या नर्सिंग विद्यालयाचे अधिष्ठातापद सांभाळले. आजारपण, मातृत्व, स्थलांतर किंवा रुग्णालयातून घरी परतणे अशा स्थित्यंतराच्या काळात माणूस अधिक असुरक्षित होतो आणि तेव्हा त्याला सावरणे हे परिचारिकेचे मुख्य काम आहे, हे त्यांच्या सिद्धान्ताचे सार होय. रुग्णाला घरी सोडण्याची प्रक्रिया अनेकदा केवळ कागदोपत्री उरकली जाते, याची मला मनापासून चिंता वाटते. म्हणून पदांच्या तपशिलापेक्षा या सिद्धान्तालाच बैठकीत अधिक वेळ द्यावा, असे माझे मत आहे. सदस्यांनी आपल्या कामातील असा एखादा प्रसंग, रुग्णाची ओळख उघड न करता, लिहून आणावा. उपस्थित राहू न शकणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत तसे कळवावे.